घरगाडीची सहा चाकं

माझं काम मोजण्याचं आहे. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी मोजमापाची साधनं तपासतो. प्रेशर गेज, थर्मामीटर, मायक्रोमीटर वगैरे. काटा चुकीचं दाखवत असेल तर गेज बिघडलेलं असतं. गेज बरोबर असेल तर काटा दाखवतो ते खरं. तिसरं काही नसतं, असं मी आयुष्यभर मानत आलो. भूतबाधा, करणी, कुणाच्या अंगात येणं... असला विषय निघाला की मी उठून चहाला जायचो. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मी स्वतः हसलो असतो.

माझा धाकटा भाऊ सुकुमार निपाणीत राहायचा, चिकोडी रोडला, वडिलांनी बांधलेल्या घरात. तंबाखूचा व्यापार बघायचा. त्याची बायको त्रिशला. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी सगळीकडचे डॉक्टर झाले. शेवटी त्रिशलानंच एक दिवस सगळ्या फायली बांधून माळ्यावर टाकल्या आणि म्हणाली, "बास आता. आपण दोघंच फिरायचं."

सुकुमारनं ते फारच मनावर घेतलं. एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली, बॉडीवाल्याकडं आत पलंग, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी बसवून घेतली. लोक त्याला मोटरहोम म्हणायचे. तो म्हणायचा घरगाडी. ती दोघं त्यातनं श्रवणबेळगोळला गेली, गोकर्णला गेली, एकदा पार कन्याकुमारीपर्यंत जाऊन आली. त्रिशला इतकी बडबडी आहे हे आम्हाला त्या प्रवासांनंतर कळलं.

गोकर्णहून येताना तवंदीच्या घाटात मागून धूर यायला लागला. या गाडीला मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचं टायर गाडी पेलून धरतं, त्यामुळं चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. मग त्या एकट्या टायरवर सगळा भार येऊन ते तापतं. पंक्चरवाला म्हणाला, अजून थोडं पुढं गेला असता तर पेटलंच असतं. त्रिशला इतकी घाबरली की सेन्सर बसवल्याशिवाय ती गाडीत बसायला तयार होईना.

सेन्सरचा सेट मीच निवडला. बेळगावात मनासारखा मिळाला नाही म्हणून ऑनलाइन मागवला. व्हॉल्व्हच्या टोपणासारखे छोटे सेन्सर, एकेका चाकाला एकेक, आणि गाडीत काचेजवळ ठेवायचा हाताएवढा डिस्प्ले. त्यावर गाडीचं चित्र, सहा चाकं, प्रत्येकासमोर हवा आणि तापमान. सेन्सर जोडले गेले, हवा कमी झाली किंवा टायर तापलं की बीप वाजतो.

रविवारी दुपारी फाटकाच्या आत, घरासमोरच्या फरशीवर आम्ही ते बसवले. बाहेरची चाकं पटकन झाली. आतल्या चाकांचा व्हॉल्व्ह दोन टायरच्या मधे, खोल. माझा हात जाईना, सुकुमारचा तर मनगटाशीच अडकला.

"अण्णा, तू बाजूला सर. तुझ्यानं न्हाय व्हायचं," तो म्हणाला.

"तुमच्यानं तरी झालं व्हय?" म्हणत त्रिशला आतून आली. बांगड्या काढून पायरीवर ठेवल्या, फरशीवरच मांडी घातली आणि फटीतून हात घालून दोन्ही बाजूंचे सेन्सर आटे बसवून घट्ट केले. सुकुमार वर डिस्प्ले धरून ओरडला, "आला! मागचा आतला आला! साठ!" दोघं इतकी हसली... कोपरापर्यंत काळी झालेली ती आणि डिस्प्ले ताम्हणासारखा दोन्ही हातांत धरलेला तो.

तेव्हापासून डिस्प्ले तिच्या ताब्यात. प्रवासात ती शेजारी बसून चाकांची हजेरी घ्यायची. "पुढचा डावा, साठ. मागचा बाहेरचा, एकसष्ट, जरा तापलाय." तो म्हणायचा, "हजर, बाई."

मग तो पाऊसकाळ आला. वेदगंगेला पाणी चढलं. त्रिशलाचं माहेर नदीच्या पलीकडं आहे, गावाचं नाव लिहीत नाही. तिचे वडील, आप्पा, तिथं एकटेच राहतात. गावात लाइट नव्हती, आप्पांचा फोन लागत नव्हता, पाणी वेशीपर्यंत आलंय असं कुणीतरी सांगितलं. सुकुमार म्हणाला, "मी जाऊन घेऊन येतो. घरगाडी उंच हाय, आप्पांना आत झोपवता पण येईल." आणि निघाला. ढगाळ हवेत डिस्प्लेचं सोलर चालत नाही, म्हणून त्रिशलानं तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता. घाईत तो तिथंच राहिला.

निपाणीहून त्या गावाला जायला बंधाऱ्यावरूनच रस्ता आहे. कठडे नाहीत. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी पाहिलं, गाडी अर्ध्यावर आली, तिरकी झाली आणि गेली. पाणी ओसरल्यावर खालच्या अंगाला उसाच्या फडात चाकं वर करून सापडली. सुकुमार सापडला नाही. बोटी फिरल्या, पोलीस फिरले, आम्ही नदीकाठची गावं पालथी घातली. नाहीच.

आणि आप्पा? त्यांना आदल्याच दिवशी शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरमधून दुसऱ्या वाटेनं नेलं होतं. फोन बंद पडला होता, एवढंच. जावई आपल्याला न्यायला आला होता हे त्यांना नंतर कळलं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाकडं नजर वर करून बघितलेलं मला आठवत नाही.

मी दर रविवारी निपाणीला जायला लागलो. त्रिशला रडायची नाही, बोलायचीही नाही. अशाच एका रविवारी मी जेवत होतो आणि ती आतून डिस्प्ले घेऊन आली. तिचा चेहरा... काय सांगू.

"अण्णा, गाडी चालू हाय बघा."

सहाही चाकं दिसत होती. सगळीकडं साठच्या आसपास हवा. तापमान आधी सकाळच्या टायरसारखं थंड, मग हळूहळू वर जायला लागलं. चालत्या गाडीचं चढतं तसं. मग एकेक करून आकडे गेले आणि पडदा रिकामा झाला.

"आज पयल्यांदा न्हाय," ती म्हणाली. "लई दिवस झाले. मी कुणाला बोलले न्हाय. येड लागलंय म्हणतील. ते येणार हायत, अण्णा. गाडी घिऊनच येतील."

मी तिला समजावलं. जुने आकडे मशीनच्या मेमरीत अडकले असतील, दुसऱ्या कुणाच्या गाडीचे सेन्सर पकडत असेल. बोलताना मलाच माहीत होतं की हे पटणारं नाही. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो, जोडल्याशिवाय तो दुसरीकडं दिसत नाही. आणि त्याचा सिग्नल जेमतेम गाडीभर पोचतो. म्हणजे डिस्प्लेवर गाडी दिसायची तर ती घरासमोरच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून भंगारवाल्याच्या आवारात गेलो. घरगाडी तिथंच पडली होती, दबलेली, चिखलानं भरलेली. एकाही टायरमध्ये हवा नव्हती. सेन्सर मात्र सहाच्या सहा जागेवर होते. आतले काढताना माझा हात जाईना, चाकंच उतरवून घ्यावी लागली. कारखान्यात आणून उघडले. आत गाळ, बॅटऱ्या गंजून फुगलेल्या. त्या काढून टाकल्या, सेन्सर एका डब्यात घालून माझ्या कपाटात ठेवले. मग डिस्प्ले आणून तपासला, आठवडाभर टेबलावर समोर ठेवला. काही नाही. पूर्ण कोरा.

तो निपाणीला परत नेला आणि फाटकातून आत शिरतो तोच माझ्या हातात सहा चाकं उमटली. थंड. साठ, साठ, एकसष्ट... सेन्सर तेव्हा बेळगावात, कुलपात.

मी फाटकातच उभा राहिलो. ऊन होतं. समोरच्या दुकानात फोडणीचा वास, एक म्हैस रस्ता ओलांडत होती. फरशीवर काहीही नव्हतं. मी जिथं गाडी उभी असायची तिथं हात फिरवला. हो, मी. हात फिरवून बघितला.

यानंतर मी त्रिशलाला समजावणं सोडलं. ती रोज दोघांचा स्वयंपाक करायला लागली. सुकुमारचे शर्ट धुवून इस्त्री करून ठेवायची. मृत्यूचा दाखला काढायचा विषय काढला की उठून जायची. स्वतः मात्र जेवायची नाही, ते आल्यावर बसू म्हणायची. उन्हाळा आला तेव्हा तिची अवस्था अशी होती की माझी बायको तिला बघून आली आणि कारमध्ये बसून रडली. म्हणाली, "तिला तिथनं हलवा. न्हायतर ती पण जाईल."

म्हणून ठरवलं, काही दिवस तिला माहेरी, आप्पांकडं ठेवायचं. आप्पांना बरं नाही असं सांगितल्यावर ती कशीबशी तयार झाली. मी कारमध्ये बॅगा ठेवत होतो तेवढ्यात तिच्या पिशवीतून बीप ऐकू आला.

सहा चाकं. थंड.

"थांबा, अण्णा. ते आलेत. आता कसं जायचं?"

मला त्या क्षणी सगळ्याचाच कंटाळा आला होता. मी म्हणालो, "बस गाडीत. आपण निघायचं." ती डिस्प्ले मांडीवर घेऊन बसली. फाटकातून बाहेर पडलो, चौक गेला, गाव मागं पडलं. दर वेळी थोड्या वेळात आकडे जायचे. त्या दिवशी गेले नाहीत. टायरं तापत चालली होती आणि आमच्याबरोबर राहिली होती.

मी वेग वाढवला की आकडे पुसट होऊन जायचे. कमी केला की पुन्हा दिसायचे, फार कमी केला की परत पुसट व्हायचे. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मला एका ठराविक पद्धतीनं गाडी चालवावी लागतेय. स्पीडब्रेकरच्या बरंच आधीपासून हळू. वळणावर डाव्या अंगाला दबून. चढावर लवकर गिअर टाकून. सुकुमार असाच चालवायचा. मी त्याला त्यावरून चिडवायचो.

त्रिशला हजेरी घेत होती. "पुढचा डावा, साठ. पुढचा उजवा, साठ. मागचा आतला, जरा तापलाय..." आणि दर वेळी किंचित थांबायची. उत्तरासाठी.

बंधारा आला. भर दुपार, लख्ख ऊन, नदी तळाला गेलेली. खाली दोन बायका धुणं धूत होत्या. मी अलीकडंच ब्रेक मारला. पुढं जायची माझी हिंमत झाली नाही.

डिस्प्लेवर गाडी चालूच होती. मग पुढच्या डाव्या चाकाचं तापमान पडलं. एकदम पडलं, तापलेल्या तव्यावर पाणी ओतावं तसं. मग पुढचं उजवं. मग मागची डावी जोडी. मग उजवी. हवा सगळीकडं साठच. फक्त सहाही चाकं गार... नदीच्या पाण्याइतकी गार. आणि तशीच राहिली. बराच वेळ. मग पडदा रिकामा झाला.

खालून धुणं आपटल्याचा आवाज येत होता.

"पाण्यात गेली गाडी," त्रिशला म्हणाली.

मी इंजिन बंद केलं.

"अण्णा, ते येत न्हवतेच." ती माझ्याकडं वळली. "आपल्याला वाटलं येत्यात. थंड टायरं कुणाची असत्यात? उभ्या गाडीची. ते रोज घरातनं निघत हुते. मी आत बसून भात लावत हुते आणि ते रोज माझ्या दारातनं निघून इथं येत हुते."

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आकडे इतके दिवस तेच सांगत होते. मी त्या बाजूनं बघितलंच नव्हतं. मी तिला म्हणालो, "त्रिशला, झालं ते झालं. आता सुटलं असं समज." ती त्या दिवशी बंधारा ओलांडून आप्पांच्या घरी गेली, जेवली, झोपली. मला वाटलं, देवाची कृपा, निदान आशा तरी संपली.

चार दिवसांत ती एकटीच एसटीनं निपाणीला परत आली.

पुढच्या रविवारी मी गेलो तर ती फाटकात उभी होती, दोन्ही हात पसरून, रस्त्याकडं पाठ करून. डिस्प्ले पायरीवर. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तिला त्याचं भान नव्हतं. रिकाम्या फरशीकडं बघून ती ओरडत होती, "जाऊ नका! आप्पा बाहेर पडलेत! आप्पा सुखरूप हायत! अहो, जाऊ नका!" रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. शेजारणीनं माझ्याकडं बघून मान हलवली. डिस्प्लेवर तापमान चढायला लागलं. आकडे एकेक करून गेले, आणि त्रिशला जागच्या जागी खाली बसली.

त्यानंतर मी काय काय केलं ते लिहून उपयोग नाही. बेळगावला कॅम्पातल्या एका मनाच्या डॉक्टरांकडं तिला नेलं. त्यांनी औषधं दिली, डिस्प्ले हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, हा तिच्यापासून दूर ठेवा. मी लपवला. तिनं दोन दिवस पाण्याचा घोट घेतला नाही. म्हणाली, "बंद करून काय हुतंय? त्यानं काय ते जायचे थांबणार हायत? मला कळायचं तेवढं बंद हुईल." मी परत दिला. एकदा मी माझी कार फाटकात आडवी लावली. त्या दिवशी टायरं बराच वेळ थंड राहिली. तापमान हलेना. त्रिशलानं माझा हात घट्ट धरला, तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी उजळलं. "थांबलेत," ती पुटपुटली. "अण्णा, थांबलेत." मीही बोललो, मोठ्यानं बोललो, "सुक्या, लेका, गाडी बंद कर. उतर खाली."

मग पुढच्या डाव्या चाकाचा आकडा एकानं वाढला.

मला याचं काहीही स्पष्टीकरण सापडलेलं नाही. ज्यांना सेन्सरमधलं कळतं त्यांना विचारलं, ज्यांना दुसऱ्या गोष्टीतलं कळतं असं लोक म्हणतात त्यांच्याकडंही गेलो. गेलो म्हणजे गेलो, लाज वाटत नाही. कुणीतरी डिस्प्ले नदीत सोडा म्हणालं. पण तो सोडून नक्की कोण सुटणार, हे कुणी सांगू शकलं नाही. माझ्या भावाला आपण मेलोय हे माहीत नाही का? की माहीत आहे आणि तरी आप्पांना आणायचं राहिलंय म्हणून निघतो? मला माहीत नाही.

गेल्या रविवारी पुन्हा आकडे आले. मी डिस्प्ले शेजारच्या सीटवर ठेवून कार काढली आणि त्यांच्याबरोबर निघालो, सुकुमारसारखी चालवत. निघताना आतून त्रिशला फोनवर बोलताना ऐकू आली होती, "आप्पा, निघालेत. तुम्ही जावा." मला वाटलं असंच काहीतरी बडबडतेय.

बंधाऱ्याशी पोचलो तर पलीकडच्या तोंडाशी आप्पा उभे होते. उन्हात, अनवाणी, काठीच्या आधारानं. हातातला टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवत होते आणि रिकाम्या बंधाऱ्याकडं बघून घसा फाटेस्तोवर ओरडत होते, "पावणं, माघारी फिरा! मी हितं हाय! माघारी फिरा!"

माझ्या शेजारच्या सीटवर आकडे पडत गेले. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागच्या दोन्ही जोड्या.

सगळं गार झाल्यावर मी कार तिथंच सोडून चालत पलीकडं गेलो. आप्पांना धाप लागली होती. ते अजून बंधाऱ्याकडंच बघत होते.

"थांबले काय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, तो खांद्यावर टाकला आणि काठी टेकत बंधाऱ्यावर थोडं आत चालत गेले. अर्ध्यावर, जिथून गाडी गेली होती, तिथं जाऊन उभे राहिले. पायाखालची जागा काठीनं चाचपून बघितली.

"म्होरच्या बारीला हितं उभारतो," ते म्हणाले. "तिथनं त्यास्नी मी दिसत नसंन."